पादचिकित्सेच्या शिक्षणात शल्यकर्म आणि बधिरीकरण

शरीराच्या एकाच अवयवापुरते मर्यादित असे वैद्यकीय शिक्षण देता येते काय, आणि देता आले तर अशा शिक्षणाने तयार झालेल्या माणसाच्या हाती शस्त्र कोठवर द्यावे, हा प्रश्न अर्वाचीन वैद्यकाच्या इतिहासात प्रामुख्याने दोन अवयवांच्या बाबतीत उपस्थित झाला. त्यांपैकी पहिला अवयव दात व दुसरा पाय. दंतवैद्यकाच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक देशांत केव्हाच निकालात निघाला. दंतवैद्याने हिरडीत सुई टोचावी, दात काढावा, प्रसंगी जबड्याच्या हाडावर शस्त्र चालवावे, याचे आज कोणासही नवल वाटत नाही. पायाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या टप्प्यांवर येऊन थांबला आहे. आपल्याकडे पायाचे शल्यकर्म अस्थिशल्यक, सामान्य शल्यक किंवा सुघटनशल्यक करतात, व ते सर्व प्रथम संपूर्ण वैद्यकाची पदवी घेतलेले असतात. अमेरिका व ब्रिटन या देशांत मात्र आरंभापासून पायाचाच अभ्यास करणारा ‘पादचिकित्सक’ हा वेगळा व्यावसायिक आहे, आणि विशिष्ट शिक्षणानंतर तो शल्यकर्मही करतो.

अशा विद्यार्थ्यास शल्यकर्म व बधिरीकरण हे विषय शिकवावयाचे ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. पाठ्यक्रमाच्या पत्रकात हे दोन विषय वेगळे लिहिलेले असतात. परंतु पादचिकित्सेच्या विद्यार्थ्यापुरते पाहिल्यास ते एकाच विद्येचे दोन भाग आहेत. त्याच्या हाती प्रथम येणारे शस्त्र सुरी नसून बधिरीकरणाची सुई असते, आणि त्याच्या अधिकाराची सीमाही पुष्कळ अंशी त्या सुईनेच आखली गेली आहे.

व्यवसायाची घडण

कुरूप होणे, घट्टे पडणे, नख मांसात रुतणे या तक्रारी फार जुन्या. त्यांवर उपचार करणारे कारागीर युरोपातील शहरांतून पिढ्यान्‌पिढ्या होते. या कारागिरीस विद्यालयीन शिक्षणाचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. १९११ साली न्यूयॉर्क येथे या विषयाचे पहिले विद्यालय स्थापन झाले. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे मॉरिस ल्युई हे स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते, आणि ‘पोडायट्री’ हे नाव योजण्याचे श्रेयही त्यांस दिले जाते. पुढील वर्षी शिकागो येथे व १९१४ साली कॅलिफोर्नियात अशीच विद्यालये निघाली. लंडनमध्ये पायाच्या विकारांचे स्वतंत्र रुग्णालय १९१३ साली सुरू झाले.

पुढे दोन्ही देशांची वाट वेगळी झाली. अमेरिकेत हे शिक्षण वैद्यकाच्या शिक्षणाला समांतर असे वाढत गेले. तेथे विद्यार्थी सामान्यतः महाविद्यालयीन पदवीनंतर चार वर्षांचा पादवैद्यकाचा अभ्यासक्रम पुरा करतो आणि त्यानंतर तीन वर्षे रुग्णालयात निवासी म्हणून काम करतो. या निवासी काळात भूलतज्ज्ञांच्या विभागात काम करणे आवश्यक मानलेले आहे. ब्रिटनमध्ये पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा आहे. त्या पदवीतच स्थानिक बधिरीकरण व नखाचे शल्यकर्म यांचा समावेश होतो. हाडावरील शल्यकर्म मात्र पदव्युत्तर अभ्यास आणि दीर्घ उमेदवारी यांनंतरच करता येते.

ब्रिटनचा इतिहास या लेखाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथील पादचिकित्सकांस दीर्घ काळ सुई टोचण्याची मुभाच नव्हती. त्यामुळे त्यांचे काम त्वचा आणि नख यांच्या पृष्ठभागापुरते राहिले. १९७० नंतरच्या दशकात, योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांस स्थानिक बधिरीकरणाची मोकळीक मिळाली आणि त्याबरोबर शल्यकर्माचे दार उघडले. २०१२ च्या औषधविषयक नियमांत, प्रमाणित पादचिकित्सकाने कोणती बधिरकारक औषधे टोचावीत याची नावनिशीवार यादी आहे. २०१३ पासून तर आवश्यक शिक्षण घेतलेल्या पादचिकित्सकांस स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचाही अधिकार मिळाला. म्हणजे येथे शल्यकर्माचा अधिकार बधिरीकरणाच्या अधिकारामागून आला. जो वेदना थांबवू शकत नाही त्याने छेद घेऊ नये, हा साधा न्याय या क्रमामागे आहे.

एकाच माणसाचे दोन वारसे

स्थानिक बधिरीकरण आणि शल्यशिक्षणाची आजची पद्धती यांचा उगम काही अंशी एकाच माणसापाशी जाऊन पोचतो. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखविले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्क येथे विल्यम हॉलस्टेड व त्याचे सहकारी यांनी तेच औषध मज्जातंतूच्या शेजारी टोचून त्या तंतूच्या ताब्यातील संपूर्ण भाग बधिर करून दाखविला. सुई जेथे टोचली तेथेच नव्हे, तर तेथून दूर, तंतूच्या शेवटापर्यंत संवेदना नाहीशी होते, हा तो शोध. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि त्यातून हॉलस्टेडला कोकेनचे व्यसन जडले. पुढे १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात याच हॉलस्टेडने निवासी शल्यकाची पद्धत रूढ केली. नवख्यावर लहान जबाबदारी, अनुभवागणिक मोठी जबाबदारी, आणि सर्व काळ वरिष्ठाची देखरेख, हे तिचे सूत्र होय.

पादशल्यकाचे शिक्षण या दोन्ही वारशांवर उभे आहे. कोकेनची जागा प्रथम प्रोकेनने घेतली. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने लिडोकेन तयार केले आणि १९५७ साली त्याच देशात दीर्घकाळ टिकणारे ब्युपिव्हाकेन निघाले. ही औषधे पायासारख्या अवयवाला विशेष सोयीची ठरली. कारण पायाच्या संवेदना वाहून नेणारे तंतू घोट्यापाशी थोड्या जागेत आणि त्वचेपासून फारसे खोल नसलेल्या पातळीवर एकत्र येतात.

घोट्याभोवतीचे पाच तंतू

पावलाला संवेदना पुरविणारे मज्जातंतू पाच आहेत. आतल्या घोट्याच्या मागून जाणारा तंतू तळव्याची संवेदना वाहतो. पावलाच्या वरच्या बाजूस धमनीशेजारून जाणारा खोल तंतू अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांमधील बेचक्याची संवेदना पुरवितो. त्याच बाजूचा त्वचेलगतचा तंतू पावलाच्या पाठीचा बहुतेक भाग व्यापतो. बाहेरच्या घोट्यामागील तंतू करंगळीकडील कडेचा, आणि आतल्या घोट्याच्या पुढून शिरेबरोबर उतरणारा तंतू पावलाच्या आतील कडेचा होय. या पाचांपैकी पहिले चार नितंबातून उतरणाऱ्या एकाच मोठ्या तंतूच्या शाखा आहेत. पाचवा मात्र मांडीच्या पुढील बाजूच्या तंतूपासून येतो.

ही माहिती पाठ करणे अवघड नाही. परंतु ती नुसती पाठ केलेला विद्यार्थी आणि समजलेला विद्यार्थी यांतील भेद शल्यगृहात चटकन दिसून येतो. समजा, गुडघ्यामागे सुई टोचून मोठा तंतू बधिर केला. तळवा, बोटे, पावलाची पाठ सर्व बधिर झाली. तरीही घोट्याच्या आतील बाजूस छेद घेताच रुग्ण ‘तेथे कळते आहे’ म्हणतो. पाठांतर केलेला विद्यार्थी औषध कमी पडले असे समजून अधिक औषध टोचू लागतो. ज्यास पाचव्या तंतूचे मूळ ठाऊक आहे तो थांबतो आणि तेवढाच एक तंतू वेगळा बधिर करतो. शारीर आणि बधिरीकरण हे विषय वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या शिक्षकांनी शिकविल्यास ही सांधेजोड विद्यार्थ्यावरच पडते. म्हणून विच्छेदनाच्या मेजावरच सुईच्या जागा दाखविणे हिताचे ठरते. आतल्या घोट्यामागे प्रथम दोन स्नायूंच्या दोऱ्या, मग धमनी, मग तंतू आणि शेवटी तिसरी दोरी, हा क्रम एकदा शवावर उलगडून पाहिला म्हणजे जिवंत पायावर धमनीचा ठोका बोटाखाली येताच तंतू तिच्या मागे कोठे असावयाचा हे हाताला कळते. ध्वनिलहरींच्या यंत्राने आज तो पडद्यावर पाहता येतो. परंतु पडद्यावरील आकृती ओळखण्यासही तेच ज्ञान लागते.

यानंतरचा टप्पा जिवंत माणसाचा. कित्येक विद्यालयांत विद्यार्थी पहिली सुई सहाध्यायाच्या पायात टोचतात व नंतर स्वतःचा पाय पुढे करतात. या प्रथेचा लाभ उघड आहे. सुई तंतूला स्पर्शून गेल्यावर उठणारी झिणझिणी, बधिर पावलावर उभे राहताना वाटणारी अस्थिरता, औषध उतरतानाची वेदना, यांचे ज्ञान पुस्तकातून होत नाही. परंतु सहाध्यायी हाही एका अर्थी रुग्णच असतो. त्याची संमती परीक्षेच्या वा वर्गाच्या दडपणाखाली घेतलेली असू नये. नकार देणाऱ्यास शिक्षणाची दुसरी वाट मोकळी असावी. आणि तेथेही मात्रेची नोंद रुग्णाइतक्याच काटेकोरपणे व्हावी. ज्या वर्गात हा दंडक सैल असतो, तेथे संमती म्हणजे केवळ सहीचा उपचार हा चुकीचा धडा विद्यार्थी पहिल्याच दिवशी शिकतो.

मात्रेचे गणित

बधिरकारक औषध रक्तात अधिक प्रमाणात गेल्यास विष होते. म्हणून मात्रेचा हिशेब हा या शिक्षणाचा कणा आहे. शेकडा १ द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, एवढे एकच सूत्र मनात पक्के असले म्हणजे बाकीचे गणित सोपे आहे. अॅड्रेनलीन न मिसळलेल्या लिडोकेनची ब्रिटनमध्ये पाळली जाणारी कमाल मात्रा दर किलोग्रॅम वजनास ३ मिलिग्रॅम, आणि एकूण २०० मिलिग्रॅम अशी आहे. अमेरिकेत हेच आकडे ४.५ आणि ३०० असे मानतात. ५० किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीस ब्रिटिश हिशेबाने १५० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा १ द्रावणाचे १५ मिलिलिटर, परंतु शेकडा २ द्रावणाचे केवळ साडेसात मिलिलिटर देता येतील. कुपीवरचा आकडा नीट न वाचल्यास मात्रा दुप्पट होते.

संपूर्ण घोट्याभोवती बधिरीकरण करावयाचे तर सुमारे १५ ते २० मिलिलिटर द्रावण लागते. यावरून दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या ध्यानी येतात. पहिली अशी, की दोन्ही पावलांवर एकाच वेळी शल्यकर्म करण्याचा रुग्णाचा आग्रह बहुधा का मोडावा लागतो, याचे एक उत्तर याच गणितात आहे. दुसरी अशी, की लवकर काम करणारे लिडोकेन आणि दीर्घकाळ टिकणारे ब्युपिव्हाकेन एकत्र वापरल्यास प्रत्येकाची कमाल मात्रा वेगळी धरता येत नाही. एकाची अर्धी मात्रा दिली असेल तर दुसऱ्याची अर्धीच उरते. कारण दोघांचे विषारी परिणाम परस्परांत मिळतात.

विषबाधेची पूर्वलक्षणे प्रत्येक विद्यार्थ्याने निद्रेतही सांगावीत अशी अपेक्षा असते. ओठ व जीभ बधिरणे, तोंडास धातूची चव येणे, कानांत नाद होणे, बोलणे अडखळणे, पुढे आचके, आणि शेवटी हृदयाच्या गतीत बिघाड, असा तो सामान्य क्रम आहे. ब्युपिव्हाकेनच्या बाबतीत हृदय बंद पडण्याचा धोका विशेष असल्याचे १९७९ मध्ये जॉर्ज ऑलब्राइट याने निदर्शनास आणले. यावर बराच काळ खात्रीचा उतारा नव्हता. १९९८ साली गाय वाइनबर्ग व त्याचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांत स्निग्ध द्रव्याचे शिरेतून देण्याचे पायस या विषबाधेवर उपयोगी पडते असे दाखविले, आणि २००६ मध्ये मनुष्यावरील यशस्वी उपयोगाचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला. आज शेकडा २० प्रमाणाचे हे पायस जेथे जेथे अशी बधिरीकरणे होतात तेथे हाताशी असावे, असा दंडक आहे. ज्या संस्थेत ते ठेवलेले नाही, तेथे मोठ्या मात्रेचे बधिरीकरण शिकवू नये.

नियम कोठून येतात याचे भान देण्यासही हा विषय उपयोगी आहे. बोटाच्या बधिरीकरणात अॅड्रेनलीन कधीही मिसळू नये, कारण रक्तवाहिन्या आवळून बोट मरते, असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. २००५ साली कॅनडातील हस्तशल्यकांनी हात व बोटे यांवरील ३,११० क्रमवार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत अॅड्रेनलीनमुळे एकही बोट गमावले गेले नव्हते. यामुळे जुन्या नियमाचा आधार ढासळला. परंतु हाताचे बोट म्हणजे पायाचे बोट नव्हे, आणि निरोगी धमनी म्हणजे मधुमेहाने आकसलेली धमनी नव्हे. नियम मोडण्याची परवानगी कोणत्या रुग्णांच्या अनुभवावर उभी आहे हे विचारण्याची सवय लागणे, हाच या उदाहरणाचा खरा लाभ.

पहिले शल्यकर्म : रुतलेले नख

पादचिकित्सेच्या विद्यार्थ्याचे पहिले शल्यकर्म बहुधा अंगठ्याच्या रुतलेल्या नखाचे असते. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी औषध टोचून तो बधिर करावयाचा, रबरी पट्टीने रक्तप्रवाह काही काळ रोखावयाचा, नखाची रुतलेली कड मुळापर्यंत कापून काढावयाची आणि तेथे तीव्र फिनॉल लावून नखाचे मूळ जाळावयाचे, अशी ही कृती. फिनॉलचा हा उपयोग १९४५ साली अमेरिकेतील पादचिकित्सकांच्या नियतकालिकात ओटो बोल याने वर्णिला आणि तो आजतागायत टिकून आहे.

वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या कर्मात मोठ्या शल्यकर्माची सर्व अंगे आहेत. एका प्रश्नावरून हे स्पष्ट होईल. अंगठा सुजलेला, लाल, पू धरलेला आहे. सुई कोठे टोचावी? सुजलेल्या भागातच टोचल्यास औषध चालत नाही, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक असते. कारण मात्र रसायनशास्त्राचे आहे. लिडोकेनचे जे कण विद्युद्भाररहित असतात तेच तंतूच्या आवरणातून आत शिरतात. शरीराच्या नेहमीच्या ७.४ या सामूवर असे कण सुमारे चौथा हिस्सा असतात. पू झालेल्या आम्लधर्मी भागात सामू ६.९ पर्यंत उतरला तर ते शेकडा ९ च्या आसपास येतात. म्हणून सुई दूर, निरोगी भागात, अंगठ्याच्या वर किंवा घोट्यापाशी टोचावी लागते. शिवाय दूषित भागात सुई टोचल्याने जंतू पसरण्याची भीती असते, ती वेगळीच.

रबरी पट्टीचीही एक शिकवण आहे. ती काढावयास विसरल्यास बधिर अंगठा तक्रार करीत नाही, आणि रुग्ण घरी जाऊन वेदना जाणवेपर्यंत बोट काळे पडलेले असते. म्हणून पट्टी बांधल्याची वेळ मोठ्याने उच्चारणे, फळ्यावर लिहिणे व ती काढल्याचे दुसऱ्याने पाहणे, हे हस्तकौशल्याइतकेच अभ्यासाचे भाग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रवर्तित केलेली शल्यगृहातील तपासयादी हीच दृष्टी मोठ्या प्रमाणावर मांडते. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांनी सुई टोचण्यापूर्वी क्षणभर थांबून बाजू पुन्हा पडताळण्याची मोहीम काढली, तीही याच विचारातून. कारण चुकीच्या पायावर बधिरीकरण झाले की त्याच पायावर चुकीच्या शल्यकर्माची वाट मोकळी होते.

जागा रुग्ण

पायाच्या शल्यकर्मात रुग्ण बहुधा जागा असतो. ही गोष्ट शिक्षणाची रीतच बदलून टाकते. भूल दिलेल्या रुग्णाच्या पुढे शिक्षक विद्यार्थ्यास मोकळेपणाने सूचना देऊ शकतो, चूक दाखवू शकतो. जाग्या रुग्णापुढे ‘असे नव्हे, जरा थांब’ एवढे शब्दही रुग्णाच्या काळजाचा ठोका चुकवितात. म्हणून शल्यकर्माची सर्व पायऱ्यांची चर्चा आधी, वेगळ्या खोलीत पुरी करावी लागते. आत केवळ ठरलेल्या खुणा व मोजके शब्द. विद्यार्थी सुरी धरणार आहे हे रुग्णास आधी सांगितले पाहिजे, आणि ते ऐकून रुग्णाने नाही म्हटले तर तो नकार निमूट स्वीकारला पाहिजे.

दुसरे असे, की बधिरीकरणाने सर्व संवेदना सारख्या जात नाहीत. वेदना व उष्णता यांची जाणीव आधी जाते. स्पर्श व दाब यांची मागाहून, आणि कधी अपुरी जाते. हाड सरकविताना रुग्णास ओढल्यासारखे वाटते आणि तो भ्यालेला असतो. ‘ओढ जाणवेल, दुखणार नाही, दुखले तर लगेच सांगा’ हे आधीच सांगितलेला रुग्ण शांत राहतो. अशा रुग्णाशी चालू ठेवलेले साधे बोलणे हे त्याच्या प्रकृतीचे उत्तम मापही असते. त्याचे शब्द अडखळले, तो अकारण गप्प झाला, किंवा ओठ बधिरल्याचे म्हणाला, तर कोणत्याही यंत्राआधी विद्यार्थ्यास सूचना मिळते.

हाडावरील शल्यकर्म आणि पूर्ण भूल

अंगठ्याच्या मुळाशी वाढलेला उंचवटा आणि अंगठ्याचा तिरकेपणा यांवरील शल्यकर्मात चवड्याचे पहिले हाड कापून, सरकवून, स्क्रूने जखडावे लागते. येथे विद्यार्थी निवासी वा उमेदवार म्हणून पोचलेला असतो. प्रथम कृत्रिम हाडांवर, मग शवावर, नंतर वरिष्ठाचा मदतनीस म्हणून, आणि शेवटी वरिष्ठ समोर उभा असताना स्वतः, असा हा क्रम. हॉलस्टेडच्या सूत्रात येथे एकच भर पडली आहे. वर्षे भरली म्हणून पुढचा टप्पा मिळत नाही, तर प्रत्येक कृतीत कौशल्य सिद्ध केल्याची नोंद व्हावी लागते.

अशी काही शल्यकर्मे पूर्ण भुलेखाली होतात. पादशल्यक स्वतः ती भूल देत नाही. ते काम भूलतज्ज्ञाचे. मग त्यास तिचे शिक्षण कशासाठी? यास तीन कारणे आहेत. रुग्ण भुलेस योग्य आहे की नाही याचा पहिला अंदाज त्यालाच करावा लागतो. १९४१ पासून प्रचलित असलेले प्रकृतीचे वर्गीकरण वापरून तो भूलतज्ज्ञाशी एका भाषेत बोलू शकला पाहिजे. दुसरे, मधुमेही रुग्णास उपाशी ठेवणे म्हणजे त्याच्या इन्सुलिनची मात्राही बदलणे, हे त्यास कळले पाहिजे. पातळ स्वच्छ पेये दोन तासांपूर्वीपर्यंत व हलके अन्न सहा तासांपूर्वीपर्यंत, हा सर्वसाधारण नियम मधुमेह्यास लावताना फार विचार लागतो. तिसरे, श्वास अडल्यास पहिली दोन मिनिटे हाताशी जो असेल त्यानेच श्वासमार्ग मोकळा करावयाचा असतो. भूलतज्ज्ञांच्या विभागातील काही आठवड्यांत विद्यार्थी भूल देण्यास शिकत नाही, परंतु भुलेखालील माणूस किती परावलंबी असतो हे पाहतो.

जो पाय आधीच बधिर आहे

आतापर्यंतच्या विवेचनात बधिरपणा हे शल्यकाचे साधन होते. परंतु पादचिकित्सकाच्या दालनात येणाऱ्या कित्येक रुग्णांचे पाय आधीच बधिर झालेले असतात. दीर्घ मधुमेहाने मज्जातंतू निकामी होतात; तळव्यास खडा टोचलेला, चपलेत खिळा घुसलेला, पाय पोळलेला कळत नाही. अशा पायावरील जखम सुईशिवायही साफ करता येते, आणि नवख्या विद्यार्थ्यास ही सोय वाटते. वस्तुतः तोच सर्वांत मोठा धोका होय. वेदना नाही म्हणून रुग्ण चालत राहतो, जखम खोल जाते, हाडात पू होतो, आणि कधी पाय गमवावा लागतो.

बधिर पायाचे हे शास्त्र फार मोठ्या प्रमाणावर भारतात घडले. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात असा त्या काळचा सर्वसामान्य समज होता. वेल्लोर येथील निरीक्षणांवरून ब्रँड यांनी प्रतिपादिले की बोटांची हानी मुख्यतः वेदनेच्या अभावी होणाऱ्या जखमांनी व संसर्गाने होते. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तेथे हेच ज्ञान मधुमेहाच्या बधिर पायास लागू पडले. पायाचा भार सर्वत्र वाटून देणारा प्लास्टरचा साचा, पादत्राणांची रचना, तळव्याच्या उष्णतेची तपासणी, हे त्यातून वाढलेले उपाय आज पादचिकित्सेच्या पाठ्यक्रमात आहेत. अमेरिकन पादचिकित्सकाच्या हातातील विद्येचा एक धागा असा दक्षिण भारतातील कुष्ठरुग्णांच्या पायांपर्यंत पोचतो.

म्हणून बधिरीकरणाच्या पहिल्या धड्यातच १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि १२८ कंपनांचा कंपनकाटा विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. सुई टोचण्यापूर्वी पायास काय कळते आहे याची नोंद झाली नसेल, तर नंतर राहिलेला बधिरपणा रोगाचा की सुईचा हे ठरविता येत नाही. धमनीचे ठोके तपासल्याशिवाय छेद घेऊ नये, हा नियमही येथेच बिंबवावा. आणखी एक गोष्ट. शल्यकर्मानंतर ब्युपिव्हाकेनचा अंमल कित्येक तास टिकतो. घरी जाणारा निरोगी रुग्ण तेवढ्या वेळापुरता कुष्ठरुग्णाच्याच स्थितीत असतो. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये, बधिर पावलावर आधाराविना उभे राहू नये, आणि अंमल उतरण्यापूर्वीच वेदनाशामक घ्यावे, या सूचना त्याच्याबरोबर लिहून दिल्या नाहीत तर शल्यकर्म पुरे झाले असे म्हणता येत नाही.

मर्यादा आणि नाव

अस्थिशल्यकांचा पादशल्यकांवरील मुख्य आक्षेप हस्तकौशल्याविषयी नसून दोन गोष्टींविषयी असतो. पाय शरीरापासून वेगळा नाही, हा पहिला. आणि ‘शल्यक’ या नावावरून रुग्णाची समजूत चुकते, हा दुसरा. यांपैकी दुसरा आक्षेप केवळ मानापमानाचा नव्हे. ऑस्ट्रेलियात नियामक संस्थांनी २०२३ साली पादशल्यकांच्या नियमनाचे स्वतंत्र परीक्षण सुरू करविले. २०२४ मधील अहवालात ‘शल्यकर्म करणारा पादचिकित्सक’ अशा अर्थाचे नाव योजण्याची शिफारस होती. आपल्यावर शस्त्र चालविणाऱ्याने कोणते शिक्षण घेतले आहे हे जाणण्याचा रुग्णाचा हक्क संमतीचाच भाग आहे. दुसऱ्या बाजूस पादचिकित्सक म्हणतात की, केवळ पायासाठी वर्षानुवर्षे घालविलेल्या माणसाचा अनुभव सर्व शरीर शिकलेल्या माणसापेक्षा त्या क्षेत्रात उणा ठरत नाही. दोहोंतही तथ्य आहे, आणि त्याचा निर्णय नावाने नव्हे तर शिक्षणाच्या घडणीने व निकालांच्या प्रामाणिक नोंदींनी व्हावयास हवा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र पाठ्यक्रमातच द्यावे लागते. बधिरकारक औषध घोट्यापाशी टोचले जाते, परंतु त्याची बाधा मेंदूस आणि हृदयास होते. जखम बोटाची असते, परंतु ती भरणे न भरणे रक्तातील साखरेवर व धमन्यांवर अवलंबून राहते. एका अवयवाच्या चिकित्सकास संपूर्ण शरीराकडे परत नेणारा विषय कोणता असेल तर तो बधिरीकरणाचा. तो पाठ्यक्रमाच्या शेवटी तांत्रिक कौशल्य म्हणून न ठेवता प्रथमपासून शारीर, रसायन, औषधशास्त्र आणि रुग्णाशी व्यवहार यांच्याबरोबर शिकवावा. परीक्षाही त्याच रीतीने घ्यावी. विद्यार्थ्यापुढे एक रुग्ण ठेवावा, त्याचे वजन, औषधे, साखर व पायाचे ठोके सांगावेत. आणि मात्रा विचारण्याआधी, या पायावर आज शस्त्र चालवावे काय, असे विचारावे. ‘नाही’ हे उत्तर कारणांसह देणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळण्याची सोय त्या परीक्षेत असली पाहिजे.